घोडं मोजणाऱ्या बाई

कुणाच्याही घरी गेलं की बाई आधी उंबऱ्याकडे बघायच्या. घरातलं माणूस ‘या, बसा’ म्हणतंय, आतून पाण्याचा तांब्या येतोय आणि साठी ओलांडलेल्या बाई दारातच उकिडव्या बसून उंबऱ्याला ठोकलेला घोड्याचा नाल शिंप्याच्या टेपनं मोजतायत, हे मी औंधपासून इस्लामपूरपर्यंत वीस-पंचवीस गावांत तरी पाहिलं असेल. मी त्यांच्या मागं चार पावलं अंतर ठेवून, मोटरसायकलची किल्ली हातात धरून उभा असायचो. पळायची वेळ आली तर गाडी सुरू करायला उशीर नको. त्यांच्या संशोधनात माझा वाटा एवढाच होता.

एकदा ती वेळ आलीही. औंधच्या पलीकडच्या एका गावात बाई अशाच एका दारात बसल्या आणि त्या दिवशी नेमकी अमावस्या होती. आमच्या दोघांच्याही ते ध्यानात नव्हतं. घरातल्या सासूनं बाईंच्या हातातला टेप बघितला, काळ्या पुठ्ठ्याची वही बघितली, आणि केरसुणी उचलून ‘करणी कराय आलीया’ असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. पाच मिनिटांत वीसेक माणसं जमली. एकानं माझ्या गाडीचं कॅरिअर धरलं. मी किल्ली गाडीला लावून बाईंना हाका मारायला लागलो. बाई मात्र आकडा लिहून झाल्याशिवाय उठल्या नाहीत. मग त्यांनी सासूबाईंना शांतपणे सांगितलं, की तुमचा नाल जुना आहे, हातानं घडवलेला आहे, त्याची खिळ्यांची भोकं चौकोनी आहेत, त्याच्यावर ऑइलपेंट मारून तो बुजवू नका. केरसुणी खाली गेली. नंतर त्या आळीतल्या नऊ घरांनी आम्हाला आपापले नाल दाखवायला नेलं आणि प्रत्येक घरात चहा झाला. नवव्या चहापर्यंत मी किल्ली खिशात ठेवली नाही.

बाई कोण, हे सांगायचं राहिलंच. कराडजवळच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवतो, तिथं माझ्या आधी त्या होत्या. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागेवर मी लागलो. लागल्यावर महिन्याभरात मी शाळेच्या वार्षिक अंकासाठी मुखपृष्ठ केलं. त्यावर पुढचे दोन पाय उचललेला पांढराशुभ्र घोडा आणि त्यावर तलवार उगारलेला स्वार होता. अंक बाहेर पडल्यावर दुसऱ्याच दिवशी एक बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिंप्याचा टेप. त्यांनी अंक माझ्या पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "मास्तर, ह्याचे पुढचे पाय एका घोड्याचे आणि मागचे दुसऱ्याचे. दोन्ही घोडी कुठं बघितली?"

मी खरं ते सांगितलं. घोडा मी एका कॅलेंडरवरून उचलला होता. जिवंत घोड्याच्या जवळ मी आयुष्यात एकदाच गेलो होतो, स्वतःच्या लग्नाच्या वरातीत. बॅन्डवाल्यानं झांज वाजवली तसं ते जनावर एकदम बाजूला सरकलं आणि मी मान धरून असा काही ओरडलो, की पाहुण्यांना वाटलं नवरदेवाला काही चावलं. अर्ध्या वरातीतच मी उतरलो आणि देवळापर्यंत चालत गेलो. बायको अजून तो विषय पाहुण्यांत काढते. बाईंनी हे सगळं न हसता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घोडं बघून काढायचं नसतंच. मोजून काढायचं." येत्या रविवारी गाडी घेऊन यायचं त्यांनी मला सांगूनही टाकलं. नको म्हणायचीही मला भीतीच वाटली.

बाईंना एकच ध्यास होता. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या भागातले स्वार ज्या घोड्यांवरून लढाईला गेले ती घोडी दिसायला खरोखर कशी होती? चित्रांत, कॅलेंडरांवर, लग्नाच्या हॉलच्या भिंतींवर जे घोडे दिसतात ते परदेशातल्या पुतळ्यांवरून किंवा मारवाडकडच्या उंच जनावरांवरून काढलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. लढाईतली घोडी मेली, त्यांची चित्रं कुणी काढली नाहीत. पण नांगरटीत त्यांचे नाल सापडत राहिले आणि शुभ म्हणून लोकांनी ते उंबऱ्याला ठोकले. नालावरून खुराचं माप कळतं, आणि खुरावरून जनावराचं. सांगलीत टांग्यांच्या काळापासून नाल ठोकत आलेले एक म्हातारे नालबंद चाचा होते. जुना नाल ओळखायचा कसा, हे बाई त्यांच्याकडून शिकल्या होत्या. चाचांनी त्यांना एक जुना नाल भेटही दिला होता. तो माझ्या तळहातात मावायचा. बाई तो पिशवीत बाळगायच्या आणि कुणी मोठ्या घोड्याच्या गोष्टी सांगायला लागलं की काढून त्याच्यापुढं ठेवायच्या.

नालांखेरीज जिवंत घोडीही मोजायला लागायची. औंधला यमाईच्या जत्रेत आलेली, घोडागाडीच्या शर्यतीतली, वरातीतली. वरातीतला नवरदेव वर बसलेला असतानाच बाई खाली घोड्याच्या ढोपराला टेप लावायच्या. त्यांची रीत ठरलेली होती. जनावराच्या डाव्या अंगानं जायचं, आधी खांद्यावर सबंध तळवा टेकायचा, डोळे मिटून जरा वेळ उभं राहायचं आणि ओठांत काहीतरी पुटपुटायचं. मगच टेप लावायचा. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं हे बघायचो आणि बाईंच्या धाडसाचं मला फार कौतुक वाटायचं. बाई कशालाच भीत नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

ज्या घोडीनं सगळं बदललं ती आम्हाला हिवाळ्यात, कराडहून इस्लामपूरकडे जाताना भेटली. ऊस तुटून गेलेल्या एका रानातून धनगरांचं बिऱ्हाड चाललं होतं. बाईंनी मागून माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की गाडी रस्त्याखालीच गेली असती. मेंढरांच्या मागं एक मातकट रंगाची, पोट सुटलेली, ठेंगणी घोडी चालली होती. पाठीवर घोंगडी, भांडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि त्या सगळ्यावर एक म्हातारी बसलेली. खाली तिची सून चालत होती. चालता चालता सुनेनं भाकरीचं गाठोडं वर केलं, म्हातारीनं जरासं वाकून ते घेतलं. घोडी थांबली नाही की सुनेनं टाचा उंचावल्या नाहीत. बाई कॅनव्हासचे बूट ढेकळांत बुडवत त्या घोडीच्या मागं मैलभर गेल्या.

बिऱ्हाड थांबल्यावर बाईंनी मोजायची परवानगी मागितली. तळवा, मिटलेले डोळे, पुटपुटणं. धनगर हे बघत उभा होता. त्यानं जरा साशंक होऊन विचारलं, काय मंतर टाकताय का. बाई म्हणाल्या, "न्हाई बाबा, एकोणतिसाचा पाढा म्हणतीया." मला वाटलं, मनातल्या मनात हिशेब करत असतील. खांद्यापाशी घोडी बावन्न इंच भरली. वरातीतले घोडे बासष्टच्या खाली आम्हाला कधी मिळाले नव्हते. गोळा केलेल्या सगळ्या जुन्या नालांशी या घोडीचा खूर जुळत होता. हे ऐकल्यावर धनगराला आमची कीव आली असावी. तो म्हणाला, "दिसभर चालती ही, पानी न्हाई गावलं तरी चालती. तुमचं ते उंच घोडं आमच्यात दोन दिस टिकायचं न्हाई."

परतीच्या वाटेवर निम्मा रस्ता मागं पडला. मग माझ्या पाठीमागून त्यांचा आवाज आला. "मास्तर, त्या घोड्यावर बसलेल्या माणसाला खाली उभ्या असलेल्या बाईचे डोळे दिसत व्हते. मी एवढंच हुडकत व्हते." त्या दिवशी वही माझ्याकडे होती. घरी येऊन मी ती उघडली. बाईंचे आकडे एरवी छापल्यासारखे असायचे. त्या पानावरचे बावन्न मात्र पार कलंडले होते. उभ्यानं लिहिलं असेल, वयही झालंय, असं समजून मी वही मिटली.

त्याच सुमाराला औंधजवळच्या एका गावातून बाईंना बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या भावकीनं नवं सभागृह बांधलं होतं आणि आतल्या भिंतीवर त्यांना त्यांच्या मूळपुरुषाचं चित्र हवं होतं. हा मूळपुरुष फौजेत स्वार होता. त्याचं नाव राहिलं होतं, चेहरा राहिला नव्हता. भावकीच्या मनात उधळलेला पांढरा घोडा आणि उपसलेली तलवार होती. बाईंनी वहीच्या पानावर वेगळंच काढून दिलं. मोहिमेवर निघालेला तरुण स्वार, आणि त्याच्या हातात भाकरीचं गाठोडं देणारी त्याची बायको. दोघांचे हात त्या गाठोड्यावर. कागदावर घोड्याची उंची कुणाच्या ध्यानात आली नाही. बायकांना चित्र आवडलं आणि भावकीचे अध्यक्ष हो म्हणाले.

पण बाईंना ते भिंतीवर एकटीनं काढता येणार नव्हतं. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्याला कडेचं दिसत नव्हतं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. त्या खाली खुर्चीवर बसून मापं सांगायच्या आणि मी परांचीवर चढून रंगवायचो. एकदा डबा खाताना त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "एवढं एक खरं घोडं भिंतीवर चढू दे. मग डोळं गेलं तरी चालंल." मी डबा मिटला. इतकं मोठं काहीतरी आपल्या हातावर अवलंबून आहे, हे मला मुळीच सोसत नाही.

घोडा आणि माणसं पुरी झाली आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाई सांगलीला गेल्या. आकाश आणि मागचं घर तेवढं राहिलं होतं. आठ दिवस मी एकटा होतो, आणि ते आठ दिवस मला अजून स्वप्नात येतात.

पहिल्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर चित्राचा फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावातल्या सगळ्या ग्रुपांवर गेला. खाली लिहिलं होतं, आमच्या मूळपुरुषाला तट्टावर बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा. "सर, भावकीतली पोरं लय तापल्याती. मी हाय तवर तुमाला कोन हात लावायचा न्हाई. पर मी काय चोवीस तास तिथं बसनार हाय का?" घोडा वीतभर उंच करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बाईंना विचारतो म्हटलं तर म्हणाले, त्यांना कशाला तरास, त्यांना आता दिसतंय कुठं. हे त्यांना कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही.

त्यातच एक निवृत्त सुभेदार रोज दुपारी यायचे. पांढऱ्या मिशा, हातात काठी. खुर्ची ओढून चित्रासमोर बसायचे आणि दोन तास एक शब्द न बोलता घोड्याकडे बघायचे. शिव्या देणाऱ्या माणसाचा निदान अंदाज येतो. हा माणूस नुसताच बसायचा. माझी पाठ त्यांच्याकडे असायची आणि रंग घ्यायच्या निमित्तानं मी सारखा मागं वळायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी निघालो तर मागं एक मोटरसायकल लागली. वर दोन पोरं. मी हळू झालो की ती हळू, मी जोरात गेलो की ती जोरात. हमरस्ता लागल्यावर ती दुसरीकडे वळली. ती माझ्या मागं होती की आपल्या कामानं चालली होती, हे मला आजही कळलेलं नाही. घरी पोचल्यावर गाडी स्टँडला लावायला जमेना, बायकोनं लावली.

चौथ्या दिवशी मी घोड्याचे पाय वाढवले.

सगळा घोडा पुसायला वेळ नव्हता आणि छातीही नव्हती. म्हणून धड तसंच ठेवून पाय खालच्या बाजूनं वीतभर लांब केले आणि जमीन तेवढी खाली नेली. तासाभरात घोडा एकदम कॅलेंडरातला दिसायला लागला. मग बघतो तर स्वाराची बायको हवेत तरंगत होती. तिच्या पायांखालची जमीनच मी काढून घेतली होती. तिला खाली आणावं तर गाठोड्यावरचे हात सुटत होते. आवरून लवकर निघायचं होतं, बाहेर कुणाच्या तरी गाडीचा आवाज येत होता. मी तिच्या पायांखाली एक गोल, चपटा दगड रंगवला आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह झाडायला बायका आल्या होत्या. मी आत गेलो तर त्या सगळ्या झाडू टाकून चित्रासमोर उभ्या. त्यातल्या एका म्हातारीनं माझ्याकडे वळून विचारलं, "सर, ही जात्यावर का उभी ऱ्हायलीया?"

मी दगडाकडे बघितलं. गोल, चपटा, वर थोडी सावली. ते जातंच होतं. लेकीसुनांनी ज्याला आयुष्यात कधी पाय लावला नाही, लागला तर वाकून नमस्कार केला, त्या जात्यावर मी त्यांच्या मूळपुरुषाच्या बायकोला दोन्ही पायांनी उभं केलं होतं. अर्ध्या तासात सभागृह भरलं. अध्यक्ष आले, ती तापलेली पोरंही आली. घोडा वीतभर वाढलाय, हे त्यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आमच्या घरातली बाई जात्यावर पाय देईल का, एवढंच सगळे विचारत होते. मी भिंतीला टेकलो होतो. ओला रंग शर्टाला लागतोय हे कळत होतं, पण पुढं सरकवत नव्हतं.

सुभेदार काठी टेकत पुढं आले. मी त्यांना बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. "दगड कशाला ठिवला?" मी म्हटलं, तिचे पाय अधांतरी राहत होते. का राहत होते? जमीन खाली गेली. का गेली? घोड्याचे पाय वाढवले. का वाढवले? घोडा उंच करा असं सांगणं आलं. मी अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी छताकडे.

सुभेदारांनी काठीचं टोक घोड्याच्या पायांकडे केलं. मग म्हणाले, "मी पंधरा वर्सं डोंगरात खेचरं वागवली. उंच जनावर चढाला पडतं. आकूड पायाचं वर पोचतं. आपला बाबा पोचला व्हता का न्हाई?" त्यांनी पोरांकडे वळून बघितलं. "पोचला व्हता म्हनूनच आपन हितं हाय. रोज बसून मी त्येच बघत व्हतो, तुमच्या बाईस्नी ह्ये ठावं कसं. जसा व्हता तसा करा त्येला, सर."

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. जाताना एक पोरगं माझ्या कानाशी ‘तट्टू ते तट्टूच’ म्हणून गेलं, आणि त्या गावाच्या बाजूचा अनोळखी नंबर दिसला की मी अजून फोन उचलत नाही. पण राहिलेल्या तीन दिवसांत मी दगड पुसला, जमीन वर आणली, पाय पुन्हा आखूड केले. एक डोळा सतत दाराकडे होता.

बाई सांगलीहून आल्या त्या काळा चष्मा लावून. ऑपरेशन झालं, पण नजर फारशी परत आली नव्हती. उजेड कळायचा, माणूस आहे एवढं कळायचं. मी त्यांना हाताला धरून भिंतीपाशी नेलं. मनात आलं, आता यांना काहीच दिसत नाही, झालेलं काही सांगायलाच नको. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्या वाटण्याची लाजही वाटली. बाईंनी घोड्याच्या खांद्यापासून बोटं फिरवत खाली आणली. ढोपर, नळी, खूर. खुराच्या खाली बोटं थांबली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. "हितं रंग जाड हाय," त्या म्हणाल्या. "पाय लांबवलं व्हतं?"

"हो बाई. भ्यालो."

"मग परत आकूड कुनी केलं?"

"मीच."

"तवा भ्याला न्हाई?"

"तेव्हाही भ्यालो."

बाईंनी मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. वहीही दिली. आता ह्याचा मला उपयोग न्हाई, तुमी मोजत ऱ्हावा, असं सांगून त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि चहा कुठं मिळतोय का ते बघायला मला पिटाळलं.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई गेल्या. वही मी कपाटात ठेवून दिली होती, टेपही. यंदाच्या हिवाळ्यात त्याच रस्त्याला धनगरांचं बिऱ्हाड दिसलं. तेच की दुसरं, सांगता यायचं नाही, पण घोडी तशीच ठेंगणी, मातकट. मी गाडी लावली. पंधरा मिनिटं बांधावरच उभा राहिलो. मग डाव्या अंगानं गेलो आणि खांद्यावर तळवा टेकला. तिच्या कातडीखाली काहीतरी थरारलं आणि माझं सगळं अंग गार पडलं. डोळे आपोआप मिटले. काहीतरी धरून ठेवायला हवं होतं म्हणून तोंडाला येईल ते म्हणायला लागलो, आणि तोंडाला पाढाच आला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. पाढा संपेपर्यंत घोडी उभी राहिली. मग टेप लावला, वही उघडली आणि आकडा लिहिला.

लिहून झाल्यावर मी मागची पानं उलटली. नालांच्या पानांवर बाईंचे आकडे छापल्यासारखे सरळ. जिवंत घोड्यांच्या पानांवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीस-तीस वर्षांपूर्वीच्या पानांवरसुद्धा, ते कलंडलेले, थरथरलेले. मी आत्ताच लिहिलेल्या आकड्याशी मी ते ताडून बघितले. अक्षर कुणाचं कुठलं ते मला ओळखता येईना.